फाटे फोडण्याचा इतिहास

मराठीत 'फाटे फोडणं' हे काही चांगलं काम समजलं जात नाही. सरळ चाललेल्या बोलण्याला कुणी फाटे फोडले की आपण वैतागतो. पण आज मी तासभर फाट्यांवरच बोलणार आहे. (हशा) कारण संगणकाला जी काही अक्कल आहे, ती फाटे फोडण्यातच आहे.

उदाहरण आपल्या राजापूरचंच घेऊ. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली फुगल्या की जवाहर चौकात पाणी येतं, हे इथे कुणाला सांगायला नको. कोदवलीची इशारा पातळी 4.90 मीटर आणि धोका पातळी 8.13 मीटर धरतात. म्हणजे नदीच्या एका आकड्यावरून तीन वाटा फुटतात. पाणी इशाऱ्याच्या खाली असेल तर रोजचे व्यवहार चालू. इशाऱ्याच्या वर गेलं तर दुकानातला माल माळ्यावर. धोक्याच्या वर गेलं तर माल राहू दे, माणसं आधी. हा हिशेब व्यापाऱ्याच्या डोक्यात आपोआप होतो. यंत्राला तो शिकवायला माणसाला बरीच वर्षं लागली.

सुरुवात कागदावर झाली. कामाचे टप्पे चौकटी आणि बाण काढून दाखवण्याची पद्धत गिलब्रेथ दांपत्याने 1921 मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरांपुढे मांडली. 1947 च्या सुमाराला गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी तसेच आराखडे संगणकासाठी वापरले. पुढे शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट म्हणजे 'इथे निर्णय' असा संकेत रूढ झाला.

मग 1957 मध्ये आयबीएम 704 या यंत्रासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान ही भाषा तयार केली. तिच्यातला 'इफ' मजेशीर होता. त्याला एक संख्या द्यायची. ती ऋण असेल तर एका ओळीवर जा, शून्य असेल तर दुसऱ्या, धन असेल तर तिसऱ्या. तीन फाटे, पण फाट्यावर पाटी नाही, नुसते क्रमांक! ओणीच्या फाट्यावर 'पाचल, अणुस्कुरा' असं लिहिण्याऐवजी नुसतं '30' लिहिलं असतं तर? तशी गत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला, तेव्हा आपल्याकडचे संशोधकही कार्डांना भोकं पाडून याच फोर्ट्रानमध्ये काम करू लागले.

जॉन मॅकार्थी हे गृहस्थ 1957-58 मध्ये एमआयटीत बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहीत होते. त्यांना हा क्रमांकांचा खेळ नकोसा झाला. त्यातून त्यांची कल्पना अशी निघाली: अट आणि तिचं उत्तर अशा जोड्या एकाखाली एक लिहायच्या. यंत्राने वरून खाली वाचत यायचं, जी अट पहिल्यांदा खरी ठरेल तिचं उत्तर घ्यायचं आणि थांबायचं. त्यांच्या लिस्प भाषेत हे आलं. 'पहिली खरी अट जिंकते' हा नियम लक्षात ठेवा, आपल्या पुराशी त्याचा थेट संबंध आहे.

दुसरी वाट टोनी होर यांची. अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल तर 'केस' नावाची रचना त्यांनी सुचवली, ती 1966 च्या अल्गोल डब्ल्यू भाषेत आली. सी भाषेने तिला 'स्विच' म्हटलं. पण तिथे प्रत्येक पर्यायाच्या शेवटी 'ब्रेक' लिहावा लागतो, नाहीतर यंत्र पुढच्या पर्यायात घसरतं. 15 जानेवारी 1990 ला अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीची लांब पल्ल्याची टेलिफोन सेवा सुमारे 9 तास कोलमडली. स्विचच्या आतल्या एका 'इफ'मध्ये भलत्या जागी पडलेला ब्रेक, हे त्याचं मूळ होतं. एक शब्द, बघा!

आता आजच्या काळात येऊ. 2010 मध्ये गूगलने ॲप इन्व्हेंटर आणलं. ओळी लिहायच्या नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे की मोबाइलचं ॲप तयार. 2012 पासून ते एमआयटी चालवते. सुरुवातीला त्यात 'इफ' आणि 'इफ-एल्स' असे वेगळे ठोकळे होते. तीन वाटा हव्या असतील तर एकाच्या पोटात दुसरा घालायचा. 2013 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ठोकळ्यावर निळं गिअरचं चिन्ह आलं. त्यावर टिचकी मारली की छोटी खिडकी उघडते. तिच्यातून 'एल्स इफ' हवे तितके ओढून आत लावायचे, शेवटी एक 'एल्स'. मूळ ठोकळा तेवढा लांब होतो. मॅकार्थींच्या जोड्याच या, फक्त रंगीत.

आणि इथेच खड्डा आहे. कोदवलीचं ॲप करताना मी पहिल्यांदा सरळ चढत्या क्रमाने लावलं: पाणी 4.90 किंवा जास्त असेल तर 'इशारा', नाहीतर 8.13 किंवा जास्त असेल तर 'धोका'. वाचायला बरोबर वाटतं ना? आता 8.50 आकडा घाला. पहिली अट खरी, ॲप म्हणतं 'इशारा' आणि थांबतं. धोक्याच्या वाटेला ते कधी जाणारच नाही! ठोकळे नीट बसलेले, यंत्राची तक्रार नाही, आणि उत्तर जिवावर बेतणारं. म्हणून मोठा आकडा आधी: 8.13, मग 4.90.

दुसरी गोष्ट शेवटच्या 'एल्स'ची. उरलेलं सगळं त्यात पडतं. तिथे डोळे मिटून 'सुरक्षित' लिहू नका. आकडा आलाच नाही तर? पुरात वीज जाते, रेंज जाते. म्हणून सगळ्यात वरची अट अशी हवी की आलेली गोष्ट संख्या आहे का. नसेल तर सांगा, 'माहिती मिळालेली नाही'. माहिती नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे.

मुलांना ठोकळे लावायला अर्ध्या तासात येतं. कुठला प्रश्न आधी विचारायचा, हे मात्र गिअरचं चिन्ह सांगत नाही. ते नदी पाहिलेल्या माणसाला विचारावं लागतं. तेव्हा ॲप करायला बसण्याआधी जवाहर चौकातल्या एखाद्या जुन्या दुकानदाराकडे जा, आणि पाणी चढायला लागलं की ते आधी काय बघतात, एवढं विचारून या.