चिलखत कोणीं बाळगावें?

तरवारीनें दुसऱ्याचा प्राण घेतां येतो. चिलखतानें कोणाचा केसहि वांकडा होत नाहीं. असें असतां तें विकत घेण्यावर कायद्यानें निर्बंध कां घालावा, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचा उलगडा करण्यासाठीं प्रथम इंग्लंडच्या इतिहासाकडे वळूं.

इ. स. ११८१ मध्यें दुसऱ्या हेन्री राजानें शस्त्रांविषयीं एक फर्मान काढलें. ज्या स्वतंत्र गृहस्थाजवळ १६ मार्कांची चीजवस्त असेल त्यानें चिलखत, शिरस्त्राण, ढाल व भाला हीं बाळगलींच पाहिजेत. १० मार्कवाल्यानें आंखूड चिलखत, लोखंडी टोपी व भाला. आणि बाकीच्या स्वतंत्र प्रजेनें निदान जाड भरींव डगला, टोपी व भाला. चिलखत बाळगणें हा तेथें हक्क नव्हता, तर राजाचें देणें होतें. तें विकण्याची वा गहाण ठेवण्याची मुभा नव्हती. कसूर करणाराच्या जमीनजुमल्यास हात न लावतां त्याच्या अवयवांवर शासन व्हावयाचें होतें.

त्याच फर्मानांत आणखी एक कलम आहे. कोणाहि यहुद्यानें चिलखत जवळ ठेवूं नये. असेल तें विकून वा देऊन टाकावें, मात्र तें राजाच्याच सेवेंत राहील अशा रीतीनें! यहुदी लोक राजाच्या खास आश्रयाखालीं आहेत असें मानलें जाई. या आश्रयाची कसोटी ११९० च्या मार्च महिन्यांत यॉर्क शहरीं लागली. खवळलेल्या जमावाच्या भीतीनें तेथील यहुदी कुटुंबें राजाच्याच किल्ल्याच्या बुरुजांत शिरलीं. जमावानें वेढा दिला, आणि सुमारें १५० जीव प्राणांस मुकले. कित्येकांनीं तर स्वहस्तेंच आपला शेवट करून घेतला. चिलखतें असतीं तर ते वांचते, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या राजानें त्यांचें कवच काढून घेतलें, त्याच्या राज्यानें त्यांस दुसरें कवच दिलें नाहीं, एवढें खरें.

आतां आठ शतकें ओलांडून अमेरिकेंत येऊं. तेथील २००२ च्या कायद्यानें, गंभीर हिंसक गुन्हा शाबीत झालेल्या मनुष्यास चिलखत विकत घेण्याची व बाळगण्याची मनाई केली. पुढें १४ मे २०२२ रोजीं बफलो शहरांतील एका दुकानांत चिलखतधारी मारेकऱ्यानें १० माणसें ठार केलीं. रखवालदाराची गोळी त्या चिलखतापुढें व्यर्थ गेली व तोहि प्राणांस मुकला. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यानें कांहीं ठराविक पेशांचे लोक वगळून इतरांस चिलखत विकण्यास बंदी घातली. आरंभींच्या शंकेचें उत्तर हेंच होय: घालणाराच्या हातीं शस्त्र आलें, कीं निरुपद्रवी चिलखतहि हत्येचें साधन बनतें.

जी वस्तु एका राज्यानें सक्तीनें बाळगावयास लावली, तीच दुसऱ्यानें निषिद्ध ठरविली. आमच्या मतें अशा कायद्याची परीक्षा बंदी वा सक्ती यांवरून करूं नये. तो कोणास वगळतो आणि कां वगळतो, हें पाहावें. सिद्ध झालेल्या गुन्ह्यावरून वगळणें न्याय्य आहे. धर्मावरून वगळणें हा उघड अन्याय होय. आणि सर्वसामान्य प्रजेस वगळावयाचें, तर तिच्या रक्षणाचा भार राज्यानें स्वतःच्या शिरावर घेतला पाहिजे. तो भार न उचलणारें राज्य काय करून बसतें, हें यॉर्कच्या बुरुजानें दाखविलेंच आहे.