खेकडा : बोरघाटातील विजेचे इंजिन

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ पासून आणलेले मालवाहू विद्युत इंजिन. कंपनीच्या दप्तरात त्याचा वर्ग ईएफ/१. पुढे भारतीय रेल्वेने डब्ल्यूसीजी-१ हे नाव दिले. उभे असतानाही ते कण्हल्यासारखा आवाज करी. चालकांनी त्याला खेकडाच म्हटले आणि तेच नाव टिकले.

एकूण इंजिने ४१. पहिली दहा स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या एसएलएम कारखान्यात बांधली गेली, उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. विद्युत सामग्री मेट्रोपोलिटन-व्हिकर्सची. त्यामुळे कारखान्याच्या एकाच पाटीवरून खेकड्याचे कूळ सांगता येत नाही. ते त्याच्या अंगलटीत दिसते. मधोमध चालकाची खोली, दोन्ही टोकांना लांबुळकी नाके, आणि मोटारींचा जोर चाकांपर्यंत नेणारे बाहेरचे दांडे, ही घडण स्विस गोटहार्ड मार्गावरच्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनांची. बोरघाटाच्या कर्जत-लोणावळा टप्प्यातल्या १:३७ चढाला आणि सलग वळणांना ती मानवली. सुमारे २,६०० अश्वशक्तीचा खेकडा मालगाड्या ओढी, शिवाय ‘बँकर’ म्हणून कर्जतला गाडीच्या मागे लागून तिला लोणावळ्यापर्यंत रेटत नेई.

प्रवासी गाड्यांच्या इंजिनाची निवड मात्र चाचणीवर झाली. ईए/१, ईबी/१ आणि ईसी/१ असे तीन वेगवेगळे नमुने मागवले गेले. ईए/१ पसंत पडले आणि त्याची संख्या २२ वर गेली. उरलेले दोन्ही नमुने प्रत्येकी एकच राहिले. विद्युत इंजिनांच्या शौकिनांना खरे कुतूहल त्यांचेच. १ जून १९३० रोजी सुरू झालेली मुंबई-पुणे गाडी डेक्कन क्वीन ईए/१ वर्गाच्या इंजिनांनीच ओढली.

इंजिनावर कोरलेल्या नावावरून त्याचे वय ठरवणे धोक्याचे. खेकड्यांपैकी एकावर ‘सर लेस्ली विल्सन’ हे नाव आहे. विल्सन १९२३ ते १९२८ मुंबईचे गव्हर्नर होते, म्हणजे इथे नाव आणि काळ जुळतो. ईए/१ वर्गातल्या ४००६ क्रमांकाच्या इंजिनावर मात्र ‘सर रॉजर लमली’ आहे. लमली गव्हर्नर झाले १९३७ मध्ये आणि इंजिन त्याच्या बरेच आधीचे. नाव मागाहून चढले, हे उघड आहे.

‘सर लेस्ली विल्सन’ आणि ‘सर रॉजर लमली’ ही दोन्ही इंजिने दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहेत. घाटाच्या जवळचा खेकडा पाहायचा असेल, तर मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र गाठावे.