वाटाघाटीत होत्या, मग मोजणीतून कुठे गेल्या?

यादवीनंतरच्या सत्तावाटपात स्त्रियांचा सहभाग अभ्यासायचा म्हटलं की आपण आधी डोकी मोजतो. वाटाघाटीला किती बायका होत्या, सभागृहात किती आल्या? उत्तर आयर्लंडच्या उदाहरणात ही मोजदाद अपुरी पडते.

१९९६ मध्ये तिथे शांतता वाटाघाटींचे प्रतिनिधी ठरवायला निवडणूक झाली. मतदारसंघांतल्या जागांखेरीज पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा जास्तीच्या होत्या. प्रस्थापित पक्ष बायकांना पुढे आणेनात, म्हणून मोनिका मॅकविल्यम्स, पर्ल सेगर आणि इतर काही जणींनी काही आठवड्यांतच 'विमेन्स कोअलिशन' हा पक्ष उभा केला. त्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्हीकडच्या बायका होत्या. मतं मिळाली जेमतेम १ टक्का. पण क्रमांक नववा लागला आणि मॅकविल्यम्स व सेगर वाटाघाटीत पोचल्या. १९९८ च्या गुड फ्रायडे करारात स्त्रियांच्या पूर्ण आणि समान राजकीय सहभागाचा हक्क नोंदवला गेला.

इथे थांबलो तर ही यशोगाथा वाटते. पण त्याच कराराची मतदानाची कलमं वाचा. प्रत्येक सदस्याने स्वतःची नोंद करायची: युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे), नॅशनलिस्ट (अखंड आयर्लंड हवं असलेले) किंवा 'इतर'. कळीच्या ठरावांना पहिल्या दोन्ही गटांचा स्वतंत्र पाठिंबा लागतो. 'इतरां'चं मत एकूण बेरजेत येतं, गटवार मोजणीत नाही. १०८ जणांच्या सभागृहात कोअलिशनच्या दोन सदस्या होत्या, आणि त्या 'इतर' होत्या.

नोव्हेंबर २००१ मध्ये डेव्हिड ट्रिंबल यांना पुन्हा फर्स्ट मिनिस्टर निवडायचं होतं आणि युनियनिस्ट मतं कमी पडत होती. तेव्हा या दोघींपैकी एकीने स्वतःला युनियनिस्ट म्हणून नोंदवलं, दुसरीने नॅशनलिस्ट म्हणून! दोन्ही समाजांना जोडायला निघालेल्या पक्षाला आपलं मत मोजलं जावं म्हणून स्वतःचीच वाटणी करावी लागली. तरीही पहिल्या फेरीत ठराव पडलाच. २००३ मध्ये पक्षाच्या दोन्ही जागा गेल्या, २००६ मध्ये पक्ष विसर्जित झाला.

याउलट १९९९ च्या मंत्रिमंडळात दोन स्त्रिया मंत्री झाल्या, त्या दोघीही नॅशनलिस्ट पक्षांच्या. म्हणजे बायकांना दार बंद नव्हतं, पण ते एका गटाच्या अंगणातून उघडत होतं.

म्हणून कुठलाही शांतता करार हातात घेतलात की 'स्त्रिया' हा शब्द शोधून थांबू नका. मत कसं मोजायचं, हे सांगणारं कलम काढा. सत्ता कोणाकोणात वाटली गेली, ते तिथे कळतं.