तुतीपासून सागापर्यंत

वॉटर्लूच्या लढाईची आठवण म्हणून केलेल्या तपकिरीच्या लाकडी डबीचे कूळ शोधू लागलो, की आपण आधी स्ट्रॅटफर्ड गावातल्या एका बागेत येऊन पोहोचतो. शेक्सपिअरने लावले असे मानले जाणारे तुतीचे झाड तिथल्या पाद्री घरमालकाने १७५६च्या सुमारास तोडले. थॉमस शार्प या घड्याळजीने ते लाकूड विकत घेऊन त्याच्या डब्या आणि पेट्या विकायला सुरुवात केली. १७६९ मध्ये विख्यात नट डेव्हिड गॅरिक याला गावाने नागरिकत्वाचा मान दिला, तोही याच तुतीच्या कोरीव पेटीतून. पुढे डब्या इतक्या झाल्या की एका झाडातून एवढे लाकूड निघाले कसे, अशी शंका लोक घेऊ लागले. अखेर १७९९ मध्ये मृत्युशय्येवर शार्पने शपथपूर्वक सांगितले, की दुसरे लाकूड आपण कधीच वापरले नाही. अशा डबीला कारागिरीइतकीच साक्षही लागते, हे तेव्हाच ठरून गेले.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या चौरस्त्यावरच्या एल्म वृक्षाजवळ ड्यूक ऑफ वेलिंग्टनने ठाण मांडले होते. हाच आर्थर वेलस्ली बारा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आपल्या जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. नेपोलियनच्या पराभवानंतर प्रवाशांची रीघ लागली. कोणी झाडाची साल सोलून नेई, कोणी फांद्या. १८१८ मध्ये वैतागलेल्या जमीनमालकाने झाड पाडायचे ठरवले, आणि ब्रिटिश म्युझियमचे जॉन जॉर्ज चिल्ड्रन यांनी ते विकत घेतले. त्यांच्या मुलीने, अ‍ॅनाने, त्या वृक्षाचे चित्र काढून ठेवले. हीच अ‍ॅना अ‍ॅटकिन्स १८४३ पासून शैवालांच्या निळ्या छायाचित्रांचे पुस्तक काढू लागली, आणि या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिचीच नोंद. लाकडातून थॉमस चिपेंडेल धाकट्याने राजा चौथ्या जॉर्जसाठी खुर्ची घडवली, तर एल्मच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या तपकिरीच्या डब्या झाल्या.

मग ही प्रथा जहाजांकडे वळली. १८०० साली माल्टाजवळ ‘गियोम तेल’ हे फ्रेंच जहाज पकडणाऱ्या लढाईत असलेले, नेल्सनचे ध्वजनौकापद भूषवलेले ‘फूड्रोयां’ १८९७च्या जूनमध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. त्याच्या ओक लाकडाच्या आणि तांब्याच्या असंख्य स्मृतिवस्तू घडल्या. मालक व्हीटली कॉब यांनी त्याच वर्षी बदली म्हणून दुसरे जुने जहाज घेतले आणि त्याला तेच नाव दिले. ते होते १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमली’. त्याच्या मात्र डब्या झाल्या नाहीत. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळालेले ते जहाज आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभे आहे.