कॉर्फबॉल : स्त्री-पुरुषांच्या संयुक्त संघाचा खेळ

बहुतेक सांघिक खेळांत पुरुषांचे व महिलांचे सामने वेगवेगळे होतात. नेदरलँड्समध्ये जन्मलेला कॉर्फबॉल मात्र प्रारंभापासून स्त्री-पुरुषांच्या संयुक्त संघाचा खेळ आहे. ‘कॉर्फ’ या डच शब्दाचा अर्थ टोपली.

अ‍ॅमस्टरडॅममधील शिक्षक निको ब्रुखायसन १९०२ मध्ये स्वीडनमधील नास येथे प्रशिक्षणासाठी गेले होते. तेथे त्यांनी खांबावरील कड्यातून चेंडू टाकण्याचा खेळ पाहिला. मुला-मुलींना एकत्र खेळता यावे म्हणून मायदेशी परतल्यावर त्यांनी त्याचे नवे नियम तयार केले आणि कड्याच्या जागी बिनबुडाची टोपली लावली. १९०३ मध्ये डच कॉर्फबॉल संघटना स्थापन झाली. मुलामुलींनी एकत्र खेळणे अनेकांना तेव्हा अनैतिक वाटले व त्यावर टीकाही झाली.

सुरुवातीला प्रत्येक संघात १२ खेळाडू असत व मैदानाचे तीन विभाग असत. पुढे संघ आठ जणांचा झाला: चार पुरुष व चार स्त्रिया. मैदानाच्या दोन्ही विभागांत प्रत्येकी दोन पुरुष व दोन स्त्रिया असतात. टोपली साडेतीन मीटर उंचीवर असते. चेंडू घेऊन धावण्यास मनाई असल्याने तो सहकाऱ्याकडे द्यावाच लागतो. पुरुषाने पुरुषाला व स्त्रीने स्त्रीलाच अडवायचे असते. दर दोन गोलांनंतर आक्रमक व बचावपटू आपापल्या भूमिका बदलतात. परिणामी केवळ शारीरिक बळावर किंवा एकाच खेळाडूच्या कौशल्यावर विजय मिळवणे अवघड ठरते. समानतेचे तत्त्व येथे नियमांतच गुंफलेले आहे.

१९२० च्या अँटवर्प व १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये कॉर्फबॉलची प्रात्यक्षिके झाली. महिलांना ऑलिंपिकच्या अ‍ॅथलेटिक्स स्पर्धांत प्रथम प्रवेश मिळाला तो १९२८ मध्येच, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९३३ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला व १९९३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली. १९८५ पासून हा खेळ जागतिक क्रीडा स्पर्धांत, म्हणजेच वर्ल्ड गेम्समध्ये, खेळला जात आहे. पदकांच्या ऑलिंपिक क्रीडाप्रकारांत मात्र त्याला अद्याप स्थान मिळालेले नाही.

एकाच देशाचे वर्चस्व ही या खेळाची मोठी मर्यादा मानली जाते. १९७८ ते २०२३ या काळात झालेल्या १२ जागतिक अजिंक्यपद स्पर्धांपैकी ११ नेदरलँड्सने जिंकल्या. १९९१ चे विजेतेपद तेवढे बेल्जियमला मिळाले. अलीकडच्या काळात तैवानच्या संघाने अंतिम फेरीपर्यंत मजल मारून युरोपबाहेरही हा खेळ रुजत असल्याचे दाखवून दिले आहे.