बेथसैदाच्या आंधळ्याला दृष्टिदान

गालील सरोवराच्या उत्तरेकडील बेथसैदा येथे येशूने केलेला आणि केवळ मार्ककृत शुभवर्तमानात (८:२२–२६) आलेला चमत्कार. येशू आंधळ्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांत थुंकतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि काही दिसते का, असे विचारतो. माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी, असे तो सांगतो. दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर त्याला सारे स्वच्छ दिसू लागते. येशूच्या स्पर्शानंतरही रोगी आधी अर्धवटच बरा होतो, असा शुभवर्तमानांतील हा एकच प्रसंग.

हे अर्धे दिसणे म्हणजे शिष्यांच्या श्रद्धेची अवस्था होय. मार्कने हा प्रसंग जिथे ठेवला आहे तिथेच याचा पुरावा मिळतो. नुकतेच होडीत भाकरींची काळजी करणाऱ्या शिष्यांना, डोळे असून तुम्हांला दिसत नाही का, असे येशूने विचारलेले असते. या चमत्कारानंतर लगेच फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना पेत्र त्याला ख्रिस्त म्हणून ओळखतो. मात्र या ख्रिस्ताला दुःख सोसून मरायचे आहे हे ऐकताच तो येशूलाच दटावू लागतो. ख्रिस्त दिसला, क्रूस दिसला नाही. पुढे येशू आपल्या मरणाविषयी आणखी दोनदा बोलतो, शिष्य दोन्ही वेळा चुकतात, आणि या भागाच्या शेवटी यरीहोजवळ आंधळा बार्तीमय दृष्टी मिळताच त्याच्या मागे यरुशलेमच्या वाटेला लागतो (१०:४६–५२).

असा अर्थ लावल्याने घटना निव्वळ रूपक ठरते, हा आक्षेप टिकत नाही. बरे करणाऱ्याचे सामर्थ्य उणे भासवणारा तपशील केवळ बोधासाठी कोणी रचला असेल, हे पटत नाही. मत्तय आणि लूक यांच्याकडे तर हा प्रसंगच नाही. टप्प्याटप्प्याने बरे करण्यात येशूचे स्वातंत्र्य दिसते, तो एकाच रीतीला बांधलेला नव्हता, असे जॉन कॅल्व्हिनने म्हटले. ते मान्य केले तरी हे स्वातंत्र्य नेमके इथेच का दिसावे, हा प्रश्न उरतो. अधिक वजनदार आक्षेप असा, की शिष्यांना पुढेही स्पष्ट दिसत नाही. येशूला धरताच ते पळून जातात (१४:५०). पण म्हणूनच दुसरा स्पर्श पेत्राच्या कबुलीत शोधू नये. मार्क तो पुनरुत्थानानंतर ठेवतो: रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना जो निरोप मिळतो त्यात पेत्राचे नाव मुद्दाम घेतले आहे आणि गालीलात येशू दृष्टीस पडेल असे वचन आहे (१६:७).