आम्ही सहा म्हातारे आणि मॉरिशसचे जहाजीभाई

मंडळी, आम्ही सहा मित्र १९७३ साली बी.ए. झालो. एकच कॉलेज, एकच खाणावळ आणि सहाजणांत मिळून एक सायकल. पुढे एकजण बँकेत चिकटला, एक एस.टी.त, एक महसूल खात्यात. दोघे मास्तर झालो. सहावा कोकणात घरची कलमे बघायला परत गेला. पन्नास वर्षे भेटी झाल्या त्या लग्नात, मुंजीत, आणि अलीकडे दुर्दैवाने दहाव्या-तेराव्याला. शेवटी मुलांनीच मनावर घेतले आणि आम्हा सहाजणांना आठ दिवसांसाठी मॉरिशसला पाठवले. (गुडघे चौघांचे वाईट, ऐकू कमी येणारे दोन. त्यामुळे गप्पा सगळ्या बेटाला ऐकू गेल्या असणार!)

पण आज त्या गप्पांविषयी लिहायचे नाही. लिहायचे आहे ते आमच्या आधी तिथे गेलेल्या दुसऱ्या मित्रमंडळींविषयी.

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातला एक ठिपका. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. १५९८ मध्ये डच तिथे उतरले आणि त्यांनी आपल्या मॉरिस राजपुत्राचे नाव बेटाला दिले. डोडो पक्षी त्यांच्याच अमदानीत नामशेष झाला. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले, आणि १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट फ्रेंचांकडून जिंकून घेतले.

आपल्या माणसांचा या बेटाशी संबंध आला तो आधी बेड्यांमुळे. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी इंग्रज सरकार मॉरिशसला पाठवत असे. तिथले रस्ते आणि पूल बांधायला त्यांना जुंपत. १८३६ साली चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजातून फिरत फिरत इथे आला, तेव्हा त्याने हे हिंदी कैदी रस्त्यावर काम करताना पाहिले. त्यांचे रुबाबदार चेहरे आणि शांत वागणे बघून त्याला आश्चर्य वाटल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. मुंबई इलाख्यातून गेलेल्या त्या कैद्यांत आपल्या मुलुखातलेही असणार. आम्ही वातानुकूलित बसमधून त्याच बेटावरचे रस्ते तुडवत होतो, तेव्हा ही गोष्ट मनातून जात नव्हती.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. सरकारने नुकसानभरपाई दिली. कुणाला? गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना! एकट्या मॉरिशसच्या मालकांना सुमारे वीस लाख पौंड मिळाले. सुटलेल्या गुलामांना आणखी चार वर्षे 'उमेदवार' या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले, आणि ती मुदत संपल्यावर बहुतेकांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली. त्यांना दोष कोण देईल?

असे होणार हे मळेवाल्यांनी आधीच ओळखले होते. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात लागले. ती सुरुवात. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे या एवढ्याशा बेटावर उतरली. १८५९ या एकाच वर्षात चाळीस हजारांहून जास्त आली. बंदरावरच्या तळावर त्यांची नोंद व्हायची, दोन-तीन दिवस मुक्काम पडायचा आणि मग मळ्यांवर वाटणी. त्या तळाला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. बोटीतून उतरून वर यायच्या तिथल्या सोळा दगडी पायऱ्या आम्हीही पाहिल्या. सोळाच पायऱ्या, पण त्या पाहताना आम्ही सहाही बडबडे गप्प होतो.

आलेले लोक करारावर यायचे. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. (आपल्या सुताराच्या गिरमिटाचा याच्याशी काही संबंध नाही, पण भोक पाडण्याचे काम दोन्ही गिरमिटे सारखेच करत.) सुरुवातीचे करार पाच वर्षांचे असत. पुरुषाला महिना पाच रुपये, बाईला चार, वर शिधा आणि कपडे. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापायची असा नियम होता. परतीचा प्रवास आधी मोफत होता, पण १८५० च्या दशकात तो हक्कही काढून घेतला गेला. आलेल्यांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश मायदेशी परतले. बाकीचे तिथलेच झाले.

बहुसंख्य मजूर बिहार आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांतले. ते मॉरिशसला 'मिरिच देस' म्हणत. त्यांच्या खालोखाल तमिळ आणि तेलुगू लोक. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. त्यांत आपले कोकणातले आणि घाटावरचेही होते.

आता आमच्या कोकणातल्या मित्राची गोष्ट. त्याच्या घरात एक आठवण पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ, सत्तावन्नच्या बंडाच्या सुमारास, वाडीतल्या आणखी दोघांबरोबर पोटासाठी मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर चढला. 'मॉरिशसला गेला' एवढेच घरात माहीत. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षे वाट पाहिली आणि मग घरच्यांनी पालाशविधी केला. हल्लीच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल म्हणून सांगतो. नाहीशा झालेल्या माणसाचा देह मिळत नाही, तेव्हा पळसाच्या पानांचा आणि देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि क्रियाकर्म उरकतात. मग सुतक फिटते, बायको कुंकू पुसते, वाटण्या होतात. म्हणजे इकडे त्या माणसाची राख झाली. तिकडे तो कदाचित त्याच दिवशी उसाच्या सऱ्या ओढत असेल!

मित्र हे सांगत होता तेव्हा आमच्यातल्या एकाने विचारले, "अरे, पण त्याच्याबरोबर गेलेले ते दोघे कोण?" मित्राला सांगता येईना. वाडीत कुणालाच सांगता येत नाही.

मला वाटते, खरी गोष्ट त्या दोघांत आहे. हे मजूर एकेकटे, फसवून, पोत्यासारखे बोटीत भरून नेले असे आपण समजतो. फसवणूक झाली हे खरेच. पण इतिहासकारांनी कागदपत्रे तपासून आणखी एक गोष्ट दाखवली आहे. मॉरिशसहून परतलेली माणसे पुन्हा जाताना आपल्या गावची, भावकीतली माणसे टोळी करून बरोबर नेत. मग त्या टोळीची खटपट असे की सगळ्यांना एकाच मळ्यावर काम मिळावे. अनोळखी देशात कुणीतरी ओळखीचे हवे, एवढी साधी गरज.

आणि ज्यांच्याबरोबर ओळखीचे कुणी नव्हते, त्यांची ओळख बोटीवर झाली. आठवड्यांमागून आठवडे एकाच तळघरात झोपायचे, एकाच कढईतले खायचे, एकमेकांच्या ओकाऱ्या काढायच्या. समुद्र ओलांडला म्हणजे जात गेली, असे मानणारा तो काळ. जातच गेली म्हटल्यावर नाते कशावर जुळायचे? ते जहाजावर जुळले. एका बोटीने आलेले ते 'जहाजी भाई'. मॉरिशसपासून त्रिनिदाद, गयाना, सुरिनामपर्यंत जिथे जिथे हे लोक गेले तिथे हा शब्द, थोडाफार बदलून, आढळतो. त्रिनिदादसारख्या बेटांवर तर हे नाते इतके सख्खे मानले जाई की जहाजी भावांच्या मुलांची आपसात लग्ने करत नसत. बहीणभावंडांचे लग्न कसे लावायचे, म्हणून!

मंडळी, विचार करा. काका नाही, मामा नाही, आजी नाही. मूल जन्मले तर बारशाला कोण? माणूस मेला तर खांदा कोण देणार? जे सख्ख्यांनी करायचे ते या बोटीवरच्या सोबत्यांनी केले. पुढे तिथे गावे वसली, देवळे उभी राहिली, ती याच नात्याच्या आधाराने.

हे नाते नुसते सुखदुःखापुरते नव्हते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. परवाना नसला की भटक्या म्हणून पकडत. याविरुद्ध १८७१ साली या जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. अडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यासाठी त्यांना मदत केली आणि मळेवाल्यांचा रोष ओढवून घेतला. अर्जावर ९,४०१ जणांनी सह्या, अंगठे किंवा फुल्या केल्या होत्या. परवाना दाखवल्याशिवाय या मळ्यावरून त्या मळ्यावर जाता येत नव्हते, त्या दिवसांत नऊ हजार माणसे एका कागदावर आली. विश्वासाची माणसे जागोजाग असल्याशिवाय हे घडत नाही. त्या अर्जामुळे लंडनहून चौकशी आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याने आपला अहवाल दिला. मजुरांच्या हालांचे सविस्तर वर्णन त्यात आहे.

मास्तर म्हणून मला सगळ्यात भावली ती तिथली बैठका. आपला 'बैठक' हाच शब्द. गावातली एक झोपडी. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे संध्याकाळी तिथे जमायची, पोथी वाचायची, भजने म्हणायची, भांडणे मिटवायची, आणि ज्याला चार अक्षरे येत तो पोरांना ती शिकवायचा. ना अनुदान, ना इन्स्पेक्टर, ना हजेरीपट! हिंदी तिथे टिकली ती या शाळांमुळे. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजींचे जहाज मॉरिशसला थांबले होते. तेव्हा त्यांनी लोकांना सांगितले की मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला. १९०७ साली बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे आले आणि मजुरांचे खटले लढवू लागले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. ते एका मजुराचेच चिरंजीव.

मराठी मंडळींनी आपले काय राखले? गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. शाळेत मराठी हा विषय घेता येतो. आणि 'झाकरी' नावाचा एक नाच-गाण्याचा प्रकार आहे. मित्राने ते नाव ऐकले आणि म्हणाला, "अरे, ही तर आमची जाखडी!" गौरी-गणपतीत रत्नागिरीकडे गोलात फिरून नाचतात, तीच. जाखडी एकट्याला नाचता येत नाही. गोल करायला माणसे लागतात, हात धरायला शेजारी लागतो. पत्रे गेली, गावांची नावे विसरली, आजोबांचे नाव कारकुनाने वाटेल तसे लिहिले आणि तेच घराण्याचे आडनाव होऊन बसले. पण हा गोल मोडला नाही.

गंमत म्हणजे मॉरिशसच्या नैर्ऋत्येला जे शेजारचे बेट आहे, त्याचे नावच रियुनियन, म्हणजे पुनर्मीलन! फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ मध्ये ते ठेवले गेले. मार्सेयचे क्रांतिकारक आणि पॅरिसचे राष्ट्रीय रक्षक १७९२ च्या ऑगस्टात एकत्र आले, त्याची ती आठवण. त्या बेटावरही आफ्रिकेतून गुलाम आणि आपल्याकडून मजूर नेले. ज्यांची आपल्या माणसांशी पुन्हा गाठ पडणार नव्हती, त्यांनी पुनर्मीलन नावाच्या बेटावर ऊस तोडला.

मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत या साऱ्यांची दप्तरे जपून ठेवली आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज. १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. तिथले लोक या नोंदींवरून आपल्या पूर्वजांचा शोध घेतात, आणि काहीजण त्या आधारे भारतातल्या मूळ गावापर्यंत पोहोचले आहेत. आमच्या मित्राकडे मात्र क्रमांक नाही, जहाजाचे नाव नाही, साल अंदाजाचे. आणि सांगायचे नाव असे की प्रत्येक वाडीत त्या नावाची चार माणसे निघावीत. एवढ्यावर शोध लागणे कठीण. पण मित्र परत येताना म्हणाला, "ते दोघे कोण होते हे आधी कळले पाहिजे. त्यांच्या घरी विचारायला हवे होते रे कुणीतरी." त्याचा जीव तिथेच अडकला आहे. आता तो वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन विचारतो आहे. ज्या तीन घरांतून माणूस गेला, त्यांतल्या एका घरात तरी काही निघेल.

वंशावळी आपण लिहितो. कुळाचा इतिहास छापतो. पण माणूस कुणाबरोबर गेला, कुणाच्या सोबतीने जगला, हे कुठल्याच वंशावळीत नसते. सरकारने क्रमांक लिहिला, घराने नाव राखले, सोबती मात्र दोन्हीकडून निसटला.

असो. एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरी जुने फोटो असतील. शाळेचे, गिरणीतले, पलटणीतले, कॉलेजच्या खाणावळीतले. आपले आजोबा किंवा वडील कोणते ते तुम्हाला ठाऊक असते. त्यांच्या शेजारी कोण उभे आहे, ते घरात अजून कुणी सांगणारे असेल तर आजच विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. पेन्सिलीनेच. शाई उतरते.